मॅग्नेशियम कमी झालंय म्हणे!

आमच्या लहानपणी घरात कुणालाही काहीही झाले की निदान एकच असायचे, पित्त. डोके दुखले तर पित्त, अंगावर उठले तर पित्त, पोरगे अभ्यासाला बसेना तरी आजी म्हणायची, "पित्ताची प्रकृती आहे त्याची." पुढे पित्ताची जागा व्हायरलने घेतली आणि आता बी-ट्वेल्व्हने घेतली आहे. घरात खाऱ्या पाण्याचे टँक ठेवून त्यात जिवंत प्रवाळ पाळणारी जी मंडळी आहेत, त्यांच्याकडे हा मान मॅग्नेशियमला मिळालेला दिसतो. प्रवाळ मिटून बसले, मॅग्नेशियम कमी. रंग उतरला, मॅग्नेशियम कमी. काचेवर नको ते शेवाळ धरले, तरी मॅग्नेशियमच. निदान झाले की औषध ठरलेले. दुकानातून बाटली आणायची आणि ओतायची.

मॅग्नेशियम महत्त्वाचे नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते किती महत्त्वाचे आहे ते पुढे येईलच. माझे म्हणणे एवढेच, की मॅग्नेशियमचा आकडा एकटा वाचायचा नसतो. आधी पाण्यातले मीठ मोजा, मग मॅग्नेशियमबद्दल बोला. ही साधी गोष्ट भल्याभल्यांकडून राहून जाते, आणि त्याची किंमत ज्यांना बोलता येत नाही ते जीव मोजतात.

आता तुम्ही विचाराल, या बाईंचा आणि प्रवाळांचा काय संबंध? संबंध जावयांमुळे आला. लेक-जावई अमेरिकेत, ह्यूस्टनला असतात. जावयांच्या दिवाणखान्यात पाऊणशे गॅलनचा, म्हणजे आपल्या हिशेबाने दोनशे ऐंशी लिटरच्या आसपासचा एक समुद्र आहे. मी तिकडे गेले की दुपारी घरात मी आणि तो समुद्र असे दोघेच. मी कला शाखेची, मराठी माध्यमाची; रसायनशास्त्राशी शाळेनंतर काडीमोड झालेला. पण भूगोल पुष्कळ वर्षे शिकवला, आणि सागरजलाची क्षारता हा धडा तर फळ्यावर इतक्या वेळा लिहिलाय की झोपेतही सांगेन. दर हजारी ३५. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार.

त्या धड्यात एक वाक्य असायचे, जे मुले परीक्षेपुरते पाठ करायची आणि मीही खरे सांगायचे तर त्यावर फार थांबत नसे. ते असे, की समुद्राची क्षारता ठिकाणपरत्वे कमी-जास्त होते, पण क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखेच राहते. हे सिद्ध कसे झाले ती गोष्ट मोठी छान आहे. ‘चॅलेंजर’ नावाचे इंग्रजांचे जहाज १८७२ ते १८७६ अशी चार वर्षे जगभरचे समुद्र धुंडाळत हिंडले. त्यांनी आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले आणि १८८४ साली प्रसिद्ध केले. कुठल्याही महासागराचे, कितीही खोलीचे पाणी घ्या. सोडियम, क्लोराइड, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे आपसातले गुणोत्तर तेच. म्हणजे नदीच्या मुखाशी गोडे पाणी मिसळले की सगळेच पातळ होतात, आणि ऊन फार असेल तिथे सगळेच दाट होतात. एकटे मॅग्नेशियम कमी झाले असे खुल्या समुद्रात होत नाही. टँकमध्ये मात्र होऊ शकते. म्हणूनच ते खरोखर एकटे कमी झाले आहे, की पाणीच पातळ झाले आहे, हे आधी ठरवायला लागते.

नेहमीच्या समुद्राच्या पाण्यात, म्हणजे क्षारता ३५ असताना, लिटरमागे साधारण १२८० ते १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. कॅल्शियम असते ४१० ते ४२०. म्हणजे वजनाने पाहिले तर मॅग्नेशियम कॅल्शियमच्या तिप्पट, आणि कणांची संख्या धरली तर पाचपट. प्रवाळ आपला सांगाडा बांधतात तो कॅल्शियमचा, चुनखडीचा. मग हे तिप्पट मॅग्नेशियम तिथे करते काय?

याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. गुलाबजामांचा पाक करताना आपण त्यात चार थेंब लिंबू पिळतो. का? पाकात साखर इतकी दाटलेली असते की ती पुन्हा खडा धरायला टपलेली असते. लिंबामुळे थोडी साखर फुटून वेगळ्या जातीची होते, आणि ही वेगळी साखर खड्याच्या बांधणीत मध्ये मध्ये येते. खडा धरत नाही, पाक पातळ राहतो. समुद्राचे उथळ पाणी म्हणजे चुनखडीचा असाच दाटलेला पाक आहे. त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतके आहे की खरे तर चुनखडी आपोआप खाली बसायला हवी. ती बसत नाही याचे मोठे कारण मॅग्नेशियम. चुनखडीचा बारीकसा कण धरू लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटते, बांधणीत घुसते आणि वाढ रोखते. म्हणून कॅल्शियम पाण्यात विरघळलेले राहते आणि प्रवाळाला हवे तेव्हा, हवे तिथे वापरता येते.

हेच मॅग्नेशियम टँकमध्ये फार घटले, तर पाक खडा धरतो. पाणी गरम ठेवणाऱ्या दांडीवर, पंपाच्या पात्यांवर पांढरे खरपुडे चढतात, तळाची वाळू ढेकळासारखी घट्ट होते. तुम्ही वरून कॅल्शियम आणि सोडा घालत राहता आणि दोन्हींचे आकडे काही वर चढत नाहीत. घातलेले सगळे पंपावर जाऊन बसते. (आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गीझर भरतो, तसलाच प्रकार.) या वेळी मॅग्नेशियम हेच खरे निदान असते आणि ते घालणे हाच उपाय असतो. अर्थात सोड्याचा हात सढळ झाला तरी असाच खरपुडा चढतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

मॅग्नेशियमचा अधिकार याहूनही मोठा आहे. चुनखडी दोन प्रकारांनी बांधली जाते, एक कॅल्साइट आणि दुसरी अ‍ॅरागोनाइट. घटक तेच, रचना वेगळी. आजची खडक बांधणारी प्रवाळे अ‍ॅरागोनाइट बांधतात. आज समुद्रात मॅग्नेशियम पाचपट आहे ते त्यांना मानवते. पण समुद्र नेहमी असा नव्हता. क्रिटेशियस कालखंडाच्या उत्तरार्धात, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट ज्या लाव्ह्यापासून झाला तो ओतू लागण्याच्या सुमारास आणि त्याआधी, समुद्रात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कणांच्या संख्येने जवळपास बरोबरीला होते. समुद्रतळाच्या भेगांमधून तप्त खडकांत शिरणारे पाणी आपले मॅग्नेशियम तिथेच सोडून येते. त्या काळी ही उलाढाल जोरात होती, म्हणून समुद्रातले मॅग्नेशियम कमी. त्या काळातल्या रीफवर बऱ्याच ठिकाणी प्रवाळांपेक्षा रुडिस्ट नावाच्या अवाढव्य शिंपल्यांचेच राज्य होते. जस्टिन रीस, स्टीव्हन स्टॅन्ली आणि लॉरेन्स हार्डी या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी आजची प्रवाळे अशा जुन्या प्रमाणाच्या कृत्रिम समुद्रपाण्यात वाढवून पाहिली. मॅग्नेशियमचे प्रमाण जसजसे खाली नेले तसतशी प्रवाळे आपल्या सांगाड्यात कॅल्साइट घालू लागली, आणि त्यांची वाढ मंदावली. इतक्या पुरातन काळापासून चालत आलेला जीव आपल्या घराची वीटच बदलतो, तीही शेजारच्या एका मूलद्रव्याच्या प्रमाणावरून! मी हे वाचले तेव्हा दोन दिवस दुसरे काही सुचले नाही.

असो. मुद्द्यावर येते.

गेल्या वेळी मी तिकडे होते तेव्हा जावयांच्या कामाची धांदल चालू होती. दर पंधरवड्याला थोडे पाणी काढून नवे समुद्रपाणी घालायचा त्यांचा नेम अडीच-तीन महिने मोडला होता. टँकमध्ये हॅमर कोरल नावाचे एक प्रवाळ आहे, टोकांना हातोडीसारखे आकार असलेल्या हिरवट बोटांचा झुबका. एरवी तो दुपारी असा फुललेला असायचा की मी चहा तिथेच घेऊन बसायची. तो आक्रसला होता. अ‍ॅक्रोपोरा जातीची, फांद्यांची दोन रोपटी आहेत (प्राणी आहेत खरे, पण दिसतात रोपट्यासारखी), त्यातले एक बुडापासून पांढरे पडू लागले होते. प्रवाळ पांढरे पडून मांस सुटू लागले की थांबवणे अवघड असते, इतके मला तोवर कळले होते.

जावयांनी रात्री चाचणी केली. ही चाचणी बघण्यासारखी असते. दोन मिलिलिटर पाण्यात एक द्रव घालायचा, मग पूड, हलवायचे, पाणी गुलाबी होते. मग सिरिंजने थेंब थेंब दुसरा द्रव सोडत राहायचे, गुलाबीचे निळसर होईपर्यंत. किती द्रव लागला त्यावरून आकडा. मॅग्नेशियम आले ११४०. कॅल्शियम आले ३७०.

"आई, बघा, मॅग्नेशियम पडलंय. म्हणून कॅल्शियम टिकत नाहीये," जावई म्हणाले. निदान पुस्तकाप्रमाणे चोख होते. उद्या येताना बाटली आणतो म्हणाले.

मी त्यांची वही मागितली. जावयांची एक गोष्ट मला फार आवडते, ते सगळे वहीत टिपून ठेवतात. तीन महिन्यांपूर्वी मॅग्नेशियम होते १२९०, कॅल्शियम ४१५. सवय वाईट असते, मी टक्केवारी काढली. मॅग्नेशियम घटले होते साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, आणि कॅल्शियम अकरा टक्क्यांच्या आसपास. आता चाळीस मुलांच्या वर्गात दोन नापास झाली तर त्या दोघांकडे बघायचे असते. पण सगळ्या वर्गाचे गुण सारख्याच प्रमाणात घसरले, तर पोरांना बोल लावण्याआधी पेपर काढून बघायचा असतो. दुसरे म्हणजे हीटरच्या दांडीवर खरपुडा नव्हता. तिसरे, कॅल्शियम चुनखडी होऊन बसले असते तर सोबत अल्कलिनिटीही घेऊन गेले असते. ती जर्मन अंशांत ८ होती, ती साडेसातला आली होती. इतके कॅल्शियम खाली बसते तर तिची याहून फार मोठी पडझड व्हायला हवी होती.

जावयांना सासूने असे काही सांगणे जरा नाजूकच. मी आपले म्हटले, "तुम्ही म्हणता ते बरोबर असेल, पण आधी मीठ एकदा दुसरीकडून मोजून आणाल का?" त्यांच्याकडे क्षारता मोजायला प्लास्टिकची डबी आहे, आत तराजूच्या काट्यासारखा एक काटा तरंगतो. ती दाखवत होती उत्तम. या काट्याला हवेचा एखादा बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारे दाखवतो. दुसऱ्या दिवशी जावयांनी पाण्याची बाटली दुकानात नेली. तिथल्या रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता निघाली ३१.

३५ ला १२८५ तर ३१ ला किती? त्रैराशिक मांडा. ११३८. म्हणजे ११४० हे मॅग्नेशियम त्या पाण्याच्या मानाने काटेकोर बरोबर होते. कॅल्शियमचे करून बघा, तेही तसेच. कमी पडले होते ते मीठ, सगळेच्या सगळे.

गेले कुठे मीठ? त्या टँकला स्किमर लावलेला असतो. ताक घुसळावे तसा तो पाण्यात हवा घुसळतो आणि वर येणाऱ्या फेसाबरोबर घाण बाहेर काढतो. तो जरा जास्त पातळ फेस काढू लागला होता. रोज अर्धा लिटर खारे पाणी कपात जमायचे आणि ओतून दिले जायचे. टँकमधली पातळी कमी झाली की यंत्र आपोआप गोडे पाणी भरते, कारण एरवी फक्त वाफ होते आणि वाफेबरोबर मीठ जात नाही. इथे मीठ जात होते आणि जागा गोडे पाणी घेत होते. दोनशे ऐंशी लिटरमधून रोज अर्धा लिटर या हिशेबाने ३५ चे ३१ व्हायला दोन-सव्वादोन महिने पुरतात. पाणी बदलण्याचा नेम चालू असता, तर नव्या समुद्रपाण्याने ही गळती बरीचशी भरून निघाली असती.

बाटली ओतली असती तर काय झाले असते? मी तोही हिशेब केला. ११४० चे १३०० करायला दोनशे ऐंशी लिटरला ४५ ग्रॅम मॅग्नेशियम लागते. ते मॅग्नेशियम क्लोराइडच्या खड्यांतून द्यायचे तर पावणेचारशे ग्रॅम, कारण त्यात मॅग्नेशियम साधारण बारा टक्केच. बाकी क्लोराइड आणि पाणी. आकडा सुंदर आला असता. जावई निश्चिंत झाले असते. स्किमर गळतच राहिला असता आणि प्रवाळे दिवसेंदिवस अधिक गोड्या पाण्यात बसली असती. पुढे केव्हातरी क्षारता ३५ ला आणली असती तेव्हा मॅग्नेशियम १४७० च्या आसपास गेले असते. १४७० ने लगेच कोणी मरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मग तेव्हा कोणीतरी म्हणाले असते, मॅग्नेशियम वाढलंय!

आम्ही अकरा-बारा दिवस गोड्याऐवजी समुद्रमिठाचे पाणी भरले. रोज तीनेक लिटर वाफ होते, त्या जागी ३५ चे पाणी. झटकन वाढवायची नाही, जीवांना सोसत नाही. स्किमर ठिकाणावर आणला. बाराव्या दिवशी मॅग्नेशियम १२८०. एक थेंब वेगळा घातला नाही. हॅमर कोरल आठवड्याभराने सुटा झाला. अ‍ॅक्रोपोराचे ते रोपटे मात्र गेले. नुसत्या क्षारतेने गेले असा माझा दावा नाही, पाणी न बदलल्याचे आणखीही परिणाम असतातच. त्याचा सांगाडा जावयांनी काढून टाकला नाही, अजून तिथेच आहे, वर जांभळे कोरलाइन शेवाळ चढत आहे.

हे कोरलाइन शेवाळ मात्र मॅग्नेशियम खरोखर खाते. दगडावर जांभळे-गुलाबी पापुद्रे चढतात ना, ते मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटचे असतात. खडक बांधणारी प्रवाळे आपल्या सांगाड्यात मॅग्नेशियम फारच थोडे घेतात. (उलट मंगळाचा खडा म्हणून आपण जे लाल पोवळे अंगठीत घालतो, ते भूमध्य समुद्रातले वेगळ्याच कुळातले प्रवाळ, त्याचा सांगाडा मॅग्नेशियमवाल्या कॅल्साइटचा. बोटात मॅग्नेशियम घालून हिंडणाऱ्यांना याचा पत्ताही नसतो.) त्यामुळे भरगच्च टँकमध्येही मॅग्नेशियम कॅल्शियमच्या मानाने अगदी सावकाश उतरते. कॅल्शियम आठवड्यात घसरू शकते, मॅग्नेशियमला महिने लागतात. म्हणून ते रोज मोजण्यात अर्थ नाही. महिन्यातून एकदा पुरे, तेही त्याच किटाने आणि क्षारता मोजून झाल्यावर. किटांचे म्हणाल तर दोन कंपन्यांच्या किटांत पन्नासाचा फरक सहज पडतो. एका आठवड्यात मॅग्नेशियम शंभराने पडले असे दिसले, तर शंका पाण्याआधी चाचणीची घ्यावी.

आणि खरोखरच कमी असेल तर जरूर घाला. दिवसाला शंभराहून जास्त वाढवू नये असे जाणते सांगतात. बाटलीत काय असते तेही माहीत असावे. बहुधा मॅग्नेशियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम सल्फेट यांचे मिश्रण. सल्फेट म्हणजे जुन्या काळी जुलाबाला द्यायचे ते एप्सम सॉल्ट. स्वस्त म्हणून नुसते तेच घालत राहिले तर सल्फेट साचत जाते, म्हणून क्लोराइडचा भाग मोठा ठेवतात. हे क्लोराइड आपल्याला परके नाही. पावसाळ्यात बरणीतले जाडे मीठ पाझरते ते त्याच्यामुळेच, ते हवेतले पाणी ओढून घेते. मिठागरात मीठ धरून झाल्यावर जे कडू पाणी उरते त्यात ते एकवटलेले असते, आणि कच्छच्या छोट्या रणाकाठी खाराघोडा इथे त्यापासूनच मॅग्नेशियम क्लोराइड बनवण्याचा मोठा धंदा आहे. अर्थात हे कारखान्याचे खडे टँकमध्ये घालू नयेत; त्यात आणखी काय काय आहे ते कोण सांगणार? या छंदात एका पिसासारख्या हिरव्या शेवाळावर उपाय म्हणून मॅग्नेशियम १६०० च्या वर नेण्याची रीत पडली आहे. गंमत अशी, की ठराविक बाटलीने गुण येतो आणि शुद्ध क्षाराने येत नाही असे पुष्कळांचे अनुभव आहेत. मग गुण मॅग्नेशियमचा, की बाटलीतल्या आणखी कशाचा?

महाराष्ट्रात राहून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे खडक बांधणारी सर्व प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती जी प्रवाळे आहेत, त्यांतला तुकडा काढणे, विकणे, घरी आणणे हा गुन्हा आहे. किनाऱ्यावर कोणी शोभेचा पांढरा ‘समुद्री दगड’ म्हणून विकायला आणला तर तो कशाचा सांगाडा आहे ते बघून घ्या. हॅमर कोरल कुठे स्वस्त मिळेल असे मला विचारू नका. मला तिथे पोहत जाऊन बघता यायचे नाही, पण माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण गेले आहेत, आणि तिथल्या पाण्यातले मॅग्नेशियम कोणी मोजायला लागत नाही. पावसात खाडीचे गोडे पाणी मिसळले की तेही पातळ होत असणार, पण पुढे अख्खा अरबी समुद्र भरपाईला उभा आहे. दोनशे ऐंशी लिटरच्या मागे कोण उभे असते? एक माणूस, त्याची धांदल आणि त्याची वही.

जावयांचे आणि माझे एका बाबतीत अजून जमलेले नाही. ते आता मॅग्नेशियम १४०० वर ठेवायचे म्हणतात. त्यांचे म्हणणे, किटात पन्नासाची चूक धरली तरी आपण खाली जाणार नाही, आणि कोरलाइन शेवाळ जोरात आहे तेव्हा थोडे हाताशी असलेले बरे. म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. मी म्हणते, समुद्र १३०० वर सुखाने आहे, तर आपणही तिथेच राहावे, आणि वरची शिल्लक ठेवायचीच तर पाणी बदलण्याच्या नेमात ठेवावी. रविवारी फोन येतो तेव्हा मी आधी क्षारता विचारते. परवाची ३५ होती. मॅग्नेशियम १३४०. बाटली आणली आहे, असे लेकीने हळूच सांगितले.